उघड्या डोंगरातले रंग: अजिंठ्याच्या रांगेत एक दिवसाचा ट्रेक

नमस्कार मंडळी! मागचा डोंगर बघा. गवत वाळून पिवळं पडलंय, सागाची पानं गळालीत, मधूनच एखादा पळस पेटलाय, बाकी सगळं उघडं. असा डोंगर दिसला की ग्रुपवर मेसेज येतोच, "आता काय बघायचं तिथं? जुलैत जाऊ." जुलैत जरूर जा. पण जुलैत हिरवळ दिसते. डोंगर बघायचा तर माघ-फाल्गुनातच यावं लागतं, तेव्हा त्याच्या अंगावर पांघरूण नसतं.

आधी एक स्पष्ट करतो. थंबनेलवर 'मराठवाड्याचं वाळवंट' लिहायचा मोह मलाही होतो, पण हे वाळवंट नाही. ढोबळमानाने वर्षाला २५० मिलीमीटरच्या आत पाऊस पडतो तिथे वाळवंट म्हणतात. छत्रपती संभाजीनगरकडे सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास पडतो. फक्त तो चार महिन्यांत उरकतो आणि मग ओढे कोरडे पडतात. आजचा आपला रस्ता म्हणजे असाच एक कोरडा ओढा. शिखराबिखराच्या मागे लागायचंच नाही. कारण पावसाळ्यातलं पाणी डोंगर कापत खाली येतं आणि आतला थर न् थर उघडा करून ठेवतं. शिखरावर तुम्हाला फक्त वरचा थर मिळणार.

(कॅमेरा काठाच्या खडकावर)

हा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, मग त्याच्यावर दुसरा. म्हणून हे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कडा म्हणजे घट्ट थर, मधला उतार म्हणजे ठिसूळ थर.

आता गुडघ्यावर बसा. दोन काळ्या थरांच्या मधे ही विटकरी पट्टी दिसते? कुठे वीतभर, कुठे हातभर जाड. बोट लावा, तांबडं होतं. दोन लाव्ह्यांच्या मधे मोठा काळ गेला, तेव्हा खालच्या खडकाची माती झाली. काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही आहे. त्या मातीतलं लोखंड गंजलं आणि वरून नवा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. पुरावा इथंच आहे: पट्टीची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ, कारण तिथे लाव्हा येऊन बसला. खालची कड मात्र धूसर, माती हळूहळू खडकात मिसळत जाते. म्हणजे हा तांबडा थर ही एकेकाळची जमीन आहे. त्या जमिनीवर ऊन पडलंय, पाऊस पडलाय. मला विचाराल तर अख्ख्या ट्रेकमधली सगळ्यात भारी जागा हीच, आणि नव्वद टक्के ग्रुप इथून सेल्फी न काढता पुढे जातात.

हा थर मातकट असल्यामुळे पाणी बऱ्याचदा त्याच्यातून सहज खाली जात नाही, वरच्या बाजूने झिरपतं. भर उन्हाळ्यात ओढ्याच्या काठाला एखादी ओलसर, हिरवी रेघ दिसली तर तिच्याखाली लाल पट्टी आहे का ते बघा.

पुढे चला. हा मुरूम. पिवळा, तपकिरी, कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेला. तोच बेसॉल्ट, पण हवापाण्याने कुजलेला. मधे गोल काळा गोटा शिल्लक राहिलाय बघा, तो अजून कुजायचाय.

आणि हा भोकाभोकांचा, किंचित जांभळट दगड. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपत गेलं आणि पोकळ्या खनिजांनी भरल्या. या एका पोकळीत झूम करतो. कडेला हिरवा लेप, त्याच्या आत पांढरे चमकदार स्फटिक. हिरवा आधी बसला, पांढरा नंतर. हिरव्याचं नाव सेलाडोनाइट. पांढरे बहुतेक झिओलाइट गटातले, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट वगैरे. आपण लहानपणी सरसकट सगळ्यांना गारगोटीच म्हणायचो. थराच्या तळाशी कधी उभ्या पांढऱ्या नळ्याही सापडतात. त्या एका बाजूला कललेल्या असतील तर लाव्हा कुठल्या दिशेने सरकत होता याचा अंदाज बांधता येतो. दगड खिशात घालू नका. अभयारण्याच्या हद्दीत तर अजिबातच नाही.

आता ग्रुपचं. सकाळी सहाला चालायला लागा, अकराच्या आत उघडा भाग संपवा. कातळ तापला की तो खालूनही भाजतो. माणशी तीन-चार लिटर पाणी, कारण ओढ्यातल्या डोहाचं पाणी पिण्यासारखं नसतं. डब्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरी, दिवसभर टिकतात. एक जाणकार पुढे, एक शेपटीला, आणि शेपटीवाल्याच्या मागे कुणी राहायचं नाही. ग्रुपमध्ये 'मी येतो मागून' म्हणणारे एक काका असतातच, त्यांना मधे घ्या. पायाला बूट, अंगात पूर्ण पॅंट. कुसळं मोज्यात शिरली की दिवसाचं वाटोळं होतं.

दोन गोष्टींत मात्र चेष्टा नाही. पहिली, आग्या मोहोळ. कड्याच्या पोटाखाली काळे लोंबते पोळे दिसले की आवाज बंद. उग्र अत्तर, धूर, ड्रोन, स्पीकर काही नको. मधमाश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, तोंड झाकून लांब पळा. चूलही पेटवायची नाही. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. दुसरी, वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वरच्या अंगाला ढग दाटले तर ओढा सोडा, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. झुडपांत अडकलेला काडीकचरा बघा. पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं.

जायचं कुठे? गौताळा औट्रमघाट अभयारण्यात जाणार असाल तर वन विभागाच्या गेटवर नोंद करून, रस्ता विचारून जा. तिथे बिबटे आहेत, अस्वलंही. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट सांगेन. वाघूर नदीने इथे घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय. ही नदी उत्तरेला तापीला मिळते. याच रांगेत उगम पावणारी पूर्णा मात्र दक्षिणेला, गोदावरीकडे जाते. समोरच्या कड्यात लेणी दिसतात. १८१९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे अशाच उघड्या दिवसांत, शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली. भल्या माणसाने १० नंबरच्या लेण्यात चित्रावर नाव आणि तारीख खरडून ठेवली. तेवढं एक पुरे. तुमच्या ग्रुपमधल्या मार्करवाल्याला तिथे पोचण्याआधीच समज द्या.

पायवाटेने खाली उतरलात की दमलात म्हणून परत फिरू नका, १ आणि १७ नंबरच्या लेण्यात शिरा. चित्रांतले तांबडे-पिवळे रंग गेरू आणि पिवळ्या मातीचे, हिरवा मघाशी पोकळीत बघितलेल्या सेलाडोनाइटच्या जातीच्या हिरव्या खनिजाचा. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानाकडून आलेल्या दगडाचा. फ्लॅश मारायचा नाही. गाडी व्ह्यू पॉइंटला सोडून ड्रायव्हरला फर्दापूरच्या टी पॉइंटला बोलवा, म्हणजे पुन्हा चढावं लागत नाही. लेण्यांपासून तिथवर बस आहे. आणि सोमवार टाळा, सोमवारी लेणी बंद असतात.