स्प्रिंग आणि सुती साडी

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन मुलींनी मला एकच प्रश्न विचारला. एक नाशिकची, बारा वर्षं कथक शिकलेली. दुसरी पनवेलची, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. दोघींना पिलाटीज शिकवायचंय, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवून, झटका न देता करायचा तो व्यायामप्रकार. दोघींनी पैसे साठवलेत आणि ते एकाच अभ्यासक्रमाला पुरणार आहेत. ताई, मॅटचं प्रशिक्षण घेऊ की रिफॉर्मरचं?

माझं उत्तर आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला गॅस बंद करायला उठावं लागलं तरी ते हाती लागेल. आधी मॅट. आणि दुसरं वाक्य, मॅट आलं म्हणजे रिफॉर्मर आलं असं नाही. या दोन वाक्यांतलं दुसरं मला फार महागात पडून कळलं. ती गोष्ट सांगणारच आहे.

मॅट म्हणजे जमिनीवर अंथरलेली चटई आणि आपलं शरीर, बस्स. रिफॉर्मर म्हणजे साधारण आठ फूट लांबीची चौकट. तिच्यात रुळांवर मागेपुढे सरकणारी एक गादी असते, तिला कॅरेज म्हणतात. कॅरेज स्प्रिंगांनी चौकटीच्या एका टोकाला जोडलेली असते. तिथेच पाय किंवा हात टेकायला आडवा दांडा, तो फूटबार. शिवाय हातापायांत अडकवायला पट्टे. वीज लागत नाही, मोटर नाही. सगळा खेळ स्प्रिंगांच्या ताणाचा.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून आलं ते जोसेफ पिलाटीस १८८३ मध्ये जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस, त्यामुळे शरीर घडवण्याचा ध्यास लागला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते आणि जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. आइल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत ते होते. असं सांगतात की तिथे अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम करता यावा म्हणून त्यांनी खाटांना स्प्रिंगा बांधल्या आणि त्यातून पुढे ही यंत्रं निघाली. ही खाट लक्षात ठेवा, पुढे माझ्या गोष्टीत एक खाट येणार आहे. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, सहचारिणी क्लारा यांच्यासोबत त्यांनी तिथे स्टुडिओ चालवला आणि शहरातले नर्तक दुखापती घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. पण एवढी यंत्रं बनवणाऱ्या या माणसाने १९४५ साली जे पुस्तक काढलं, त्यात घरी जमिनीवर करायचे ३४ व्यायाम दिले. यंत्राशिवाय.

लोकांना वाटतं जमिनीवरचं सोपं आणि यंत्रावरचं अवघड. बऱ्याचदा उलट असतं. यंत्रावर स्प्रिंग तुम्हाला धरते, पट्टे धरतात, खांद्याशी असलेले ठोकळे धरतात. जमीन धरत नाही. आणि शिकवणाऱ्यालाही जमिनीवर काही धरायला नसतं, त्याच्याकडे फक्त डोळे आणि आवाज. विद्यार्थी पाठीवर झोपलेला, त्याला छत दिसतंय, तुम्ही दिसत नाही. तुम्ही शब्दांनी त्याचा एकेक मणका उचलायचा. रेडिओच म्हणा ना. मला तर वाटतं, मॅटच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला महिनाभर स्वतः करून दाखवायला बंदी घालावी.

आणि शिकवायचं तर आपल्या भाषेत शिकवावं. ठाण्यातल्या, सांगलीतल्या बायकांपुढे इंग्रजी सूचना घोकून म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत, समोरच्या बिचाऱ्या शेजारणीकडे बघून हालचाल करतात. ‘पोट आत’ हीसुद्धा चांगली सूचना नाही. ते ऐकलं की माणसं श्वास कोंडतात. त्याऐवजी आत्ता बसल्या जागी करून बघा. दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवा. श्वास घेताना बरगड्या तळव्यांना बाजूला ढकलतील असं बघा. आता हळूहळू सोडा, आणि बरगड्या छत्रीसारख्या मिटू द्या. पोट आपोआप आत गेलं की नाही? कुणी सांगावं लागलं नाही.

आता गोष्ट. मॅटचं प्रशिक्षण घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचे वर्ग घेत होते. एका स्टुडिओतून फोन आला, रिफॉर्मरची शिक्षिका आजारी आहे, आठवडाभर याल का? मी म्हटलं, मला मॅटच येतं. तिकडून उत्तर आलं, व्यायाम तेच आहेत हो, फक्त खाली यंत्र. मलाही ते पटलं. मी गेले.

त्या वर्गात एक बाई यायच्या. महापालिकेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय त्रेसष्ट. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणू लागले. पहिल्या दिवशी पाठीवर झोपून, पाय फूटबारवर टेकून कॅरेज ढकलायचा व्यायाम होता. त्यांना जड गेलं. मी एक स्प्रिंग काढली, लगेच सोपं झालं. सिस्टर खूश, मी खूश. मनात नोंद झाली, जड वाटलं की स्प्रिंग काढायची.

तिसऱ्या दिवशी व्यायाम होता गुडघ्यांवरचा. कॅरेजवर गुडघे टेकायचे, हात फूटबारवर, आणि पायांनी कॅरेज मागे ढकलून पोटाच्या जोरावर परत आणायची. दोन स्प्रिंगा लावल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, ‘जरा जड जातंय गं.’ मी लगेच खाली वाकले आणि एक स्प्रिंग काढली.

त्यांनी पाय मागे ढकलले आणि कॅरेज सुटलीच. धरून ठेवायला स्प्रिंगच पुरेशी नव्हती. गुडघे मागे, हात पुढे, मध्ये अख्खं शरीर ताणलेलं, आणि दांडा सोडायची सोय नाही. मी धावत जाऊन कॅरेज अडवली. सिस्टर उतरल्या, उजवा खांदा चोळत बाकावर बसल्या. पाणी प्यायल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अगं, तू माझं ओझं कमी केलंस की माझा आधार काढून घेतलास?’

श्रोतेहो, रिफॉर्मरचं निम्मं शिक्षण या एका वाक्यात आहे. स्प्रिंग कधी ओझं असते, कधी आधार. पाठीवर झोपून ढकलताना ती ओझं होती, म्हणून काढली तर सोपं झालं. गुडघ्यांवर ती कॅरेजला परत आणणारा आधार होती, म्हणून काढली तर अवघड झालं. तीच स्प्रिंग, तेच यंत्र, तीच बाई. कोणत्या व्यायामात ती काय आहे हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी फळं घेऊन मी नौपाड्यात त्यांच्या घरी गेले. खांदा दुखत होता, पण हात वर जात होता. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘सलाईनचा वेग कमी केला म्हणजे पेशंटचा त्रास कमी होतो असं नसतं. आधी सलाईन कशाला लावलंय ते बघायचं. आमच्याकडे नवीन मुलगी आली की पहिल्या आठवड्यात हेच चुकायची.’ मग चहा झाला. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, ‘ते यंत्र राहू दे. तुझं ते चटईवरचं काय असतं?’

मी रोल-अप सांगितला. पाठीवर झोपायचं, पाय सरळ, आणि झटका न देता एकेक मणका उचलत उठून बसायचं. सांगताना मी थांबले, कारण हाडं ठिसूळ असतील तर पाठ अशी गोल वळवण्याचे व्यायाम टाळायचे असतात. विचारलं, तर त्यांनी फाइलच काढली. हाडांच्या घनतेची तपासणी केलेली होती, ठीक होती. आणखी एक अट मी घातली, खांदा पूर्ण बरा झाल्याशिवाय नाही.

तीन आठवड्यांनी गेले. सतरंजी अंथरली. सिस्टर झोपल्या, डोकं उचललं, खांदे उचलले, आणि कमरेपाशी येऊन अडकल्या. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि एक जुनी सुती साडी घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘वॉर्डात पेशंटला उठून बसता येत नसलं की आम्ही खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला चादर बांधायचो. ती धरून तो स्वतः उठायचा. आम्ही ओढायचो नाही.’ साडीची घडी पायांच्या तळव्यांना अडकवून त्यांनी दोन्ही टोकं धरली आणि हळूहळू उठून बसल्या.

मी बघत राहिले. खाट, पायथा, धरून उठायला काहीतरी. त्या बेटावरच्या खाटांची कथा मी प्रशिक्षणात घोकली होती, परीक्षेत लिहिली होती. ती नौपाड्यातल्या सतरंजीवर माझ्यासमोर घडत होती, आणि करणाऱ्या बाईंनी पिलाटीसचं नाव तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं.

आणि त्या दिवशी मला आणखी काहीतरी दिसलं. त्या उठताना उजव्या हाताने जास्त ओढत होत्या. डावा खांदा कानाकडे जात होता, डावीकडच्या बरगड्या उघड्या पडत होत्या. रिफॉर्मरवर हे मला तीन दिवसांत दिसलं नव्हतं. तिथे दोन्ही खांद्यांना ठोकळे होते, आणि मी स्प्रिंगांकडे बघत होते, माणसाकडे नाही. जमिनीवर बघायला माणूसच होतं.

मग आम्ही तसंच चालू ठेवलं. दर शुक्रवारी. साडी पहिल्या आठवड्यात पायांजवळ धरायची, पुढच्या आठवड्यात एक वीत मागे, त्यानंतर आणखी एक वीत. हात पायांपासून जितके लांब, तितकी साडीची मदत कमी. घरातल्या साडीने मला प्रमाणात आधार कमी करायला शिकवलं. मग मी रिफॉर्मरच्या रीतसर प्रशिक्षणाला नाव घातलं. वर्षाने सिस्टर माझ्या रिफॉर्मरच्या वर्गात आल्या. व्यायाम तोच, गुडघ्यांवरचा. दोन स्प्रिंगा लावल्या होत्या. गुडघे टेकण्याआधी सिस्टर खाली वाकल्या आणि त्यांनी स्वतः स्प्रिंगा मोजल्या. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

गोष्टीने बराच वेळ घेतला, आता भराभर कामाचं सांगते.

आधी मॅट का? कारण डोळा आणि आवाज तिथे तयार होतो. दुसरं, शिकलेलं लगेच शिकवता येतं. हॉल मिळाला, चटया आल्या, वर्ग सुरू. रिफॉर्मर लाखांच्या घरात जातो, त्यामुळे फक्त रिफॉर्मर शिकलात तर ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. सरावालाही तेच. घरी यंत्र नसेल आणि स्टुडिओ तुम्हाला मोकळ्या वेळात ते वापरू देत नसेल, तर त्या प्रशिक्षणाचे पैसे भरू नका. पुन्हा सांगते, सरावाला यंत्र मिळणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दुसरी चौकशी तासांची. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली निकाल दिला की पिलाटीज हे कुणा एकाच्या मालकीचं नाव नाही. निकाल चांगलाच होता, पण त्यामुळे कुणीही पिलाटीजचं प्रमाणपत्र देऊ शकतं, आणि आपल्याकडेही डॉक्टरांसारखी यासाठी सरकारी नोंदणी नाही. म्हणून कागदापेक्षा तास बघा. मॅट, रिफॉर्मर आणि बाकीची यंत्रं मिळून पूर्ण प्रशिक्षण ४५० तासांचं किंवा त्याहून जास्त असतं. त्यात दुसऱ्याचे वर्ग बघण्याचे तास येतात, स्वतःच्या सरावाचे येतात, आणि कुणाच्या तरी नजरेखाली शिकवण्याचे येतात. हे शेवटचे तास किती, ते नक्की विचारा. शनिवार-रविवारमध्ये शिक्षक होत नाही.

तिसरं, रिफॉर्मर शिकाल तेव्हा स्प्रिंगांचे रंग पाठ करून थांबू नका. कंपनी बदलली की रंगांचा अर्थ बदलतो. स्टुडिओ बदललात की पहिल्या दिवशी स्वतः कॅरेजवर झोपा आणि प्रत्येक स्प्रिंग अंगाने तपासा. आणि स्प्रिंगा झिजतात, त्या कधी बदलल्या हे मालकाला विचारायला संकोच करू नका.

नाशिकच्या मुलीला मी सरळ मॅट सांगितलं. नर्तिकेला स्वतःचं शरीर कळतं, दुसऱ्याचं न वाकणारं शरीर बघायची सवय तिला जमिनीवर लागेल. तिची पहिली विद्यार्थिनी तिची आई आहे. पनवेलच्या मुलीचं थोडं वेगळं आहे. ती ज्या दवाखान्यात जाणार आहे तिथे रिफॉर्मर आहे आणि दुखऱ्या गुडघ्यांचे पेशंट त्याच्यावरच येतील. तिने मॅटनंतर फार न थांबता रिफॉर्मर करावं, पण मॅट गाळून नाही. पैशांचं गणित तिला जड जातंय, मला कळतंय. दवाखान्याच्या डॉक्टरांशी बोलून बघते म्हणाली, दुसऱ्या टप्प्याची निम्मी फी ते देतील का. काय ठरतं ते या आठवड्यात कळवणार आहे.

नमस्कार.