कन्नी खाणारं विमान

(गाळ्याचं शटर वर जातं. ट्यूबलाइट लागते. पंख्याचं बटण बंद.)

पंखा बंद केला कारण वाऱ्याने ओळंबा हलतो. मे महिना, ठाण्याचं वागळे इस्टेट, रात्रीचे अकरा, आणि बंद गाळ्यात आम्ही दोघं घामाने भिजलेले, मी आणि माझा मामा. मामा तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होता, इथून दोन रस्ते सोडून. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, 1962 ची, इथे हव्या त्या मापाचा बोल्ट, बुश, स्प्रिंग बनवून देणारा माणूस चालत जायच्या अंतरावर सापडतो, आणि म्हणूनच मामाने रिटायर झाल्यावर गाळा भाड्याने घेतला तो इथेच घेतला. आणि त्यात हे बनवलं.

दोन सीटचं विमान. ॲल्युमिनियमचा पत्रा, हजारो रिव्हेट, शेजारीशेजारी दोन खुर्च्या, पुढे एक इंजिन. सात वर्षं लागली. 2016 च्या फेब्रुवारीत बीकेसीला मेक इन इंडियाचं प्रदर्शन होतं, तिथे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर बनवलेलं सहा सीटचं विमान ठेवलं होतं, ते बघायला मामा मला घेऊन गेला होता. पुढे 2017 मध्ये त्या विमानाची डीजीसीएकडे, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याकडे, नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी, त्या दिवशी मामाने पेपरातली बातमी कापून गाळ्याच्या भिंतीला चिकटवली, अजून आहे तिथेच.

परवानग्या, कागदपत्रं, इन्स्पेक्शन हा सगळा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू. आज फक्त एकच गोष्ट सांगायचीये. बनवलेलं विमान सरळ कसं उडवायचं. म्हणजे पायलटने स्टिक, म्हणजे विमान वळवायचा हातातला दांडा, सोडली तरी ते एका बाजूला कलू नये, नाक भरकटू नये.

(तेलाचा डबा. त्यात बुडालेला ओळंबा.)

हे बघा. गवंडी वापरतात तोच ओळंबा. पंखाच्या पुढच्या कडेवरून चार ठिकाणी असे ओळंबे सोडलेत आणि प्रत्येकाचा लोलक खाली तेलाच्या डब्यात बुडवलाय, कारण हवेत तो पाच-पाच मिनिटं झुलत राहतो आणि तेलात पटकन शांत होतो. चारही दोरे एका रेषेत दिसले पाहिजेत. मामा जमिनीवर आडवा पडतो, एक डोळा मिटतो आणि बघतो. मग उठतो, पंखाच्या मुळाशी एक बोल्ट पाव आटा सैल करतो, परत आडवा पडतो. हे मी त्या रात्री सतरा वेळा मोजलं.

त्याआधी विमान स्वतः लेव्हलला आणलेलं असतं, लांबीतही आणि रुंदीतही. त्यासाठी पारदर्शक नळी, आत पाणी, बिल्डिंगच्या साइटवर असते तीच. नळीत एक बारीक बुडबुडा जरी राहिला तरी माप खोटं येतं, म्हणून मामा नळी टिचक्या मारत मारत वर धरतो आणि बुडबुडा वर सरकत सरकत बाहेर फुटला की मगच "हां" म्हणतो. नंतर शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत टेप लावायचा, डावीकडे जितकं तितकंच उजवीकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही पंख बॉडीला ज्या कोनात बसलेत तो कोन सारखा पाहिजे.

किती सारखा? मामा सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या थोडं वर. पंखाची रुंदी सुमारे 1.4 मीटर, तिथे मागची कडा एक सूत खाली-वर झाली तर कोनात फरक पडतो एका डिग्रीच्या आठव्या भागाएवढा. ऐकायला काहीच नाही वाटत ना, पण विमानाचं वजन सहा-साडेसहाशे किलो, म्हणजे एकेक पंख तीनशेच्या वर किलो उचलतोय, त्यात दोन-तीन टक्क्यांचा फरक म्हणजे एका पंखावर कोणीतरी तांदळाची दहा किलोची पिशवी ठेवून दिल्यासारखं आहे. ती पिशवी पायलटला सगळा वेळ हाताने पेलावी लागते.

केबलचं तर अजून वेगळंच. कंट्रोलच्या केबल स्टीलच्या, बॉडी ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियम उन्हात स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे दुपारी बॉडी जास्त लांब होते, केबल तेवढी होत नाही, ती ताणली जाते, आणि थंडीत पहाटे तीच केबल ढिली पडते. म्हणून ताण मोजायचा तर तेव्हाचं तापमान वहीत लिहायचंच. टर्नबकल, म्हणजे केबल ताणायचा आट्यांचा जोड, आवळताना मामाचा एक नियम पक्का, दोन्ही बाजूला तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसता कामा नयेत, आणि वरून लॉकिंगची तार. हे नियम मामाने बनवलेले नाहीत, सगळ्या जगात विमानाचे मेकॅनिक असंच करतात.

(पहाट. धावपट्टी. धुकं.)

पंख काढून, ट्रकवर घालून, घाटापलीकडच्या एका धावपट्टीवर नेलं आणि तिथे परत जोडलं. उडवणारे कॅप्टन अनुभवी, मामाचे जुने मित्र. पहिल्या उड्डाणाबद्दल मी काही बोलत नाही, मामाचा चेहरा शूट केलाय तो बघा फक्त.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, "छान आहे हो, पण डावा पंख जड आहे. स्टिक सोडली की चार सेकंदांत डावीकडे कलतं. आणि बॉल उजवीकडे असतो."

बॉल म्हणजे काय ते सांगतो. पायलटसमोर एक वाकडी काचेची नळी असते, आत द्रव आणि एक गोळी. विमान सरळ हवा कापत चाललं असेल तर गोळी मध्ये, नाक डावीकडे वळलेलं असेल तर गोळी उजवीकडे, मग उजवा पाय दाबायचा, म्हणजे उजवं पेडल, नाक उजवीकडे येतं. ग्लायडरवाले तर आजही काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवतात, वाऱ्याने धागा तिरका झाला की कळलं.

मला तेव्हा वाटलं सोपं आहे, पाचर लावू. पाचर म्हणजे लाकडाची बारीक तिरकी पट्टी, एलरॉनच्या मागच्या कडेला चिकटवायची. एलरॉन म्हणजे पंखाच्या टोकाकडे मागच्या कडेला असलेली हलती झडप, एका पंखाची वर गेली की दुसऱ्याची खाली. उजव्या एलरॉनच्या खालच्या बाजूला लावली की हवा उजव्या एलरॉनला वर ढकलते, त्यामुळे डावा एलरॉन खाली येतो, आणि डावा पंख उचलला जातो. मी सुताराकडून चांगली सागवानी पट्टी कापूनही आणली.

मामाने ती हातात घेतली, बघितली आणि डब्यात ठेवली.

"चरईत पतंग उडवायचो आठवतंय?" मला म्हणाला. "पतंग डावीकडे कन्नी खायला, झुकायला लागला की तू काय करायचास?"

उजव्या कानाला चिंधी बांधायचो. सगळेच बांधतात. आणि मामा मात्र पतंग खाली उतरवून घ्यायचा, कमान बोटांत फिरवून बघायचा, कुठल्या बाजूला जाड आहे, कण्णी, म्हणजे मांजा बांधायचा दोरा, मधोमध आहे का, सगळं बघून झालं की मगच चिंधी, ती पण लागलीच तर. आम्हाला वाटायचं वेळ घालवतोय.

विमानाचंही तसंच आहे, आणि मला हे मनापासून सांगायचंय कारण खूप जण इथेच चुकतात. पंख कशामुळे जड झालाय हे शोधल्याशिवाय पाचर लावली तर दोष तसाच राहतो आणि वर त्याच्याशी भांडणारी दुसरी गोष्ट आपण लावून ठेवतो, दोघांचा मिळून हवेला अडथळा वाढतो, वेग कमी होतो आणि पुढे खरा दोष वाढला तरी कळत नाही.

दुसरं म्हणजे क्रम. आधी बॉल, मग पंख. पंखांची टोकं थोडी वर उचललेली असतात, त्यामुळे नाक डावीकडे भरकटलं की वारा उजव्या पंखाखाली जास्त लागतो आणि विमान डावीकडे कलतं. म्हणजे पंख जड वाटतो पण दोष नाकाचा असू शकतो. म्हणून दुसऱ्या उड्डाणात कॅप्टननी उजवा पाय दाबून बॉल मध्ये आणला आणि मग स्टिक सोडली. या वेळी नऊ सेकंद लागले. म्हणजे थोडा दोष नाकाचा, पण उरलेला पंखाचाच.

मग मामाने लाईनदोरी काढली. पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत, फ्लॅप (उतरताना खाली करतात ती मुळाकडची झडप) आणि एलरॉनच्या मागच्या कडेला लावून ताणली. डावीकडे सगळं दोरीला लागून. उजवीकडे एलरॉन बरोबर, पण फ्लॅप दोरीच्या खाली. एक सूत.

(क्लोजअप: दोरी, फ्लॅपची कडा, मधली फट. मामाचं नख.)

उजवा फ्लॅप पूर्ण वर बसतच नव्हता. गाळ्यात बसत होता, मामाच्या वहीत माप आहे, पण इथे पंख परत जोडताना फ्लॅप हलवणाऱ्या उजव्या रॉडचं टोक कमी फिरवलं गेलं होतं. फ्लॅप खाली म्हणजे उजव्या पंखाला जास्त उचल, म्हणून डावा जड. उजवा पंख जास्त उचलत होता आणि आम्ही सगळे डाव्याकडे बघत बसलो होतो! दीड फेरा, चेकनट, झालं.

कंट्रोलच्या कुठल्याही जागी हात लावला की मामा आणि कॅप्टन दोघं वेगवेगळे चेक करतात, यात सूट नाही. स्टिक अंगठा वर करून धरायची, डावीकडे न्यायची, अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलरॉन वर गेलाच पाहिजे. एलरॉन उलटे जोडले गेल्याने जगात अपघात झालेत, माणसं गेलीयेत.

राहिला बॉल. आमचं इंजिन पायलटच्या सीटवरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, हवा बॉडीभोवती गुंडाळत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते, शेपटी उजवीकडे, नाक डावीकडे. ह्यात बनवण्याची काही चूक नाही, हे इंजिनचं वागणं आहे, इथे पाचर लावणं बरोबर. रडरच्या, म्हणजे त्या उभ्या पात्याच्या मागच्या हलत्या भागाच्या, डाव्या बाजूला वीस सेंटिमीटरची पाचर, टेपने. रडर थोडा उजवीकडे ढकलला जातो. बॉल डावीकडे गेला, जास्त झालं. थोडी कापली, उडवलं. परत थोडी कापली. तेरा सेंटिमीटरला बॉल मध्ये.

पण हे क्रूझच्या, म्हणजे वर गेल्यावर एकसारखं उडतानाच्या, वेगापुरतंच. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, वेग अर्धा झाला की पाचरीचा जोर चौथाई राहतो, म्हणून टेकऑफला उजवा पाय लागतोच, तो लागणारच. आणि पाचर हलकी हवी, रडरच्या मागच्या कडेला वजन वाढलं की तो जोरात फडफडायला लागू शकतो, त्याला फ्लटर म्हणतात आणि त्यात शेपूट तुटू शकते, त्यामुळे मामाने नंतर रडर काढून परत बॅलन्स तपासला.

25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. त्या मोठ्या विमानांतही रडर ट्रिमचा एक नॉब असतो, पायलट फिरवतो आणि हेच काम होतं. मामाकडे तेरा सेंटिमीटरची पट्टी आहे.

(धावपट्टी. सकाळचे सात. वारा नाही.)

शेवटचं उड्डाण. मी आणि मामा खाली, हातात रेडिओ. कॅप्टन म्हणाले, "बॉल मध्ये. हात सोडले. पाय पण सोडले." आणि मोजायला लागले. दहा. वीस. मामा वर बघतच नव्हता, जमिनीकडे बघत होता. चाळीस. साठला कॅप्टन थांबले, म्हणाले, "आता डावीकडे जातंय, अगदी थोडं."

मामाने रेडिओ माझ्या हातातून घेतला.

"डाव्या टाकीत किती पेट्रोल आहे?"

"भरलेली आहे. उजवी अर्धी."

"मग डाव्या टाकीवर घ्या," मामा म्हणाला, "आणि परत मोजा."