दिवसभर घरात कोण असणार?

(जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ सालापासून भगिनी शहरं आहेत. हे नातं दोन महापालिकांनी जोडलं, पण आज ते चालवताय तुम्ही. मी पार्ल्याला जर्मन शिकवते. पूर्वी वर्गात भाषेच्या ओढीने आलेली कॉलेजची मुलं असायची. आता ऑफर लेटर हातात पडलेली माणसं येतात, आणि बऱ्याचदा त्यांच्यासोबत त्यांची बायको किंवा नवरा. वर्ग संपला की प्रश्न सुरू होतात आणि त्यातले बहुतेक घराबद्दल असतात. म्हणून आज भाषेवर न बोलता मी घरावरच बोलणार आहे. आणि शेवटी तुमच्याकडे काही मागणारही आहे.

मुंबईहून निघणारं कुटुंब तयारी कशी करतं ते बघा. व्हिसा, तिकीट, पगाराचा हिशेब, आईबाबांची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, गाडी विकायची की चुलतभावाकडे ठेवायची, सगळ्यावर महिनोन्‌महिने खल होतो. घराचं मात्र "तिकडे पोचल्यावर बघू". आणि एकदा बघायला लागले की मोजायचं एकच, ऑफिस किती लांब?

मला हे पटत नाही. जो नोकरीवर जातो त्याला पहिल्या दिवसापासून एक टेबल मिळतं, नाव घेऊन हाक मारणारे सहकारी मिळतात, दुपारी कँटीनला कुणीतरी सोबत असतं. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला यातलं काहीच आपोआप मिळत नाही. मुंबईत ती शिक्षिका असेल, बँकेत असेल, तिचं स्वतःचं रोजचं जग असेल. इथे आल्यावर काही महिने तिच्याजवळ असतं फक्त घर. नवऱ्याने नोकरी सोडून बायकोमागे येण्याची उदाहरणंही आता माझ्या वर्गात आहेत, आणि त्यांचं एकटेपण तर घरात बोललंही जात नाही. तेव्हा घर निवडताना पहिला प्रश्न हा हवा: दिवसभर घरात कोण असणार आहे? घर त्या माणसासाठी निवडा. ऑफिसला जाणारा वीस मिनिटं जास्त प्रवास करेल. मुंबईकराला वीस मिनिटांचं काय!

माझी एक विद्यार्थिनी, गिरगावची. नवऱ्याची कंपनी शहराबाहेर होती, म्हणून त्यांनी कंपनीजवळच्या गावात घर घेतलं. मोठं, स्वस्त, समोर शेत. फोटो बघून मुंबईत सगळे खूश. पण बस तासाला एक, रविवारी जवळजवळ नाहीच. तिचा भाषेचा कोर्स शहरात. उन्हाळ्यात निभावलं. नोव्हेंबर उजाडला, साडेचारला अंधार पडायला लागला, आणि तिने कोर्स सोडला. मग बाहेर जाणंच सोडलं. फोनवर तिचा आवाज ऐकून मला काळजी वाटायची. वर्षभराने ते श्टुटगार्टच्याच बाड कानश्टाट भागात दोन खोल्यांच्या लहान घरात आले. दाराबाहेर ट्राम, बाजार चालत, नेकार नदीचा काठ जवळ. नवरा आता रोज लांबून जातो. ती पुन्हा शिकायला लागली, आता एका पाळणाघरात काम करते. घर लहान झालं आणि संसाराला श्वास मिळाला.

आपल्याकडे घर बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, "स्टेशनपासून चालत किती?" ही मुंबईची शिकवण इथे येताना विसरू नका. एस-बानचा, म्हणजे इथल्या लोकलचा, किंवा ट्रामचा थांबा चालत दहा मिनिटांत हवा. आणि इथे चालत म्हणजे चढ धरून! हे शहर डोंगरांच्या कुशीत खोलगट वसलंय, उतारांवर चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. नकाशावर पाचशे मीटर दिसतात आणि प्रत्यक्षात बाळाची गाडी घेऊन ते चढवत नाहीत. हे तुम्हाला पाठ आहे, पण मालाडला बसून जाहिराती बघणाऱ्याला कसं कळणार?

उजेडाचंही तसंच. मुंबईत आपण पश्चिमेचं ऊन टाळतो. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. जो माणूस दिवसभर घरात आहे त्याच्यासाठी दक्षिणेची एक खिडकी मोठ्या बाल्कनीपेक्षा मोलाची आहे.

भाषेबद्दल एकच सांगते. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, आलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन येत असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही आणि त्याला नोकरीची पूर्ण मुभा असते. चांगली सोय आहे. पण त्यामुळे पुष्कळ जण जोडीदाराची भाषा "नंतर बघू" वर टाकतात, आणि शेजारीण दारात उभी राहून काही सांगते तेव्हा घरात असतो तो हाच जोडीदार. दोघांनी एकत्र शिका. मुंबईतून निघण्यापूर्वी.

आता कागदांकडे येते, कारण घर आणि कागद इथे एकमेकांत अडकलेले आहेत. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो. तो वेळेत मिळाला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जातो. निवास परवाना, मुलाची शाळा, सगळी साखळी त्या पत्त्यापासून सुरू होते. म्हणून पहिले दोन-तीन महिने सामानसुमानासह तात्पुरतं घर घेणं शहाणपणाचं, पण पैसे भरण्याआधी लेखी विचारा की इथे नोंदणी करू देणार का. पुष्कळ ठिकाणी नाही म्हणतात, आणि ते कळतं आल्यावर.

भाड्याचे आकडे मुंबईच्या डोळ्यांनी वाचू नका. जाहिरातीत ठळक छापलेलं भाडं बऱ्याचदा काल्टमीटे असतं, नुसत्या जागेचं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलं की वार्ममीटे होतं. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहूनही वेगळं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. शिवाय वर्षाच्या शेवटी हीटिंग-पाण्याचा हिशेब होतो, जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात रेडिएटर पूर्ण उघडून खिडकी तिरकी ठेवणाऱ्यांना हा हिशेब फार लागतो.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि भाडेकरूला ती तीन समान हप्त्यांत देण्याचा कायद्याने हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना. हे आपल्या मुलांना ठाऊकच नसतं, ती सगळी रक्कम उसनवारी करून एकदम भरतात. दलालीचंही तसंच: जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्याने पैसे द्यायचे, म्हणजे घरमालकाच्या दलालाला भाडेकरूने एक सेंटही देणं लागत नाही. आणि आपल्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय झालेल्यांनी नीट ऐका. इथला करार सहसा बेमुदत असतो, सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे भाडेकरूच्या भल्याचं आहे. दरवर्षी टेम्पो बोलावून बिऱ्हाड हलवणाऱ्या आपल्या माणसाला इथे पहिल्यांदा स्थिर घर मिळतं, म्हणून तर निवड जपून करायची.

जाहिरातीतले दोन त्सिमर, म्हणजे दोन खोल्या, टू बीएचके समजून येतात लोक. इथे बैठकीची खोलीही मोजतात, तेव्हा तो आपला वन बीएचके. साठ चौरस मीटर म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फूट, आणि तो खरा वापराचा. त्यात बाल्कनीचं क्षेत्रफळ सहसा पावच धरतात. स्वयंपाकघर मात्र रिकामं असू शकतं. अगदी रिकामं, भिंतीतून बाहेर आलेले नळाचे पाइप, बस. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं सगळं आपलं आपण. आधीचा भाडेकरू त्याचं विकून जात असेल तर विचारून घ्या, हजारो युरो वाचतात.

आणि स्वयंपाकघर उघडं, दिवाणखान्यात मिसळलेलं असेल, तर आपल्या फोडणीचा विचार करून हो म्हणा. कुकरची वाफ, घरातच वाळणारे कपडे आणि बंद खिडक्या, हिवाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी धरलीच. दिवसातून तीन-चारदा खिडक्या सताड उघडून पाचदहा मिनिटं हवा खेळवायची. बुरशी धरली की वाद अनामतीवर जातो. हे काम करणार कोण, तर जो घरात आहे तो. आपल्या या श्वाबेन भागातली केअरवोखे, जिन्याची पाळीपाळीने करायची झाडलोट, तिचाही वाटा त्याच्याकडेच येतो. मी तर सांगते, ती पाळी आनंदाने करा. आजूबाजूच्या चार बंद दारांपैकी पहिलं दार बहुधा त्या झाडूमुळेच उघडतं.

मुलं असतील तर पत्ता आणखी जपून घ्या. या राज्यात प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. पाळणाघराच्या जागेचा हक्क कायद्याने पहिल्या वाढदिवसापासून आहे, पण जागा अपुऱ्या आहेत, तेव्हा घर आणि पाळणाघर एकाच वेळी शोधायला लागा. आईबाबा तीन महिने राहायला येणार असतील तर लिफ्ट नसलेला चौथा मजला घेऊ नका. गुडघे दुखणारी आई मग खिडकीतूनच जर्मनी बघून परत येते.

आता माझं मागणं.

कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली तेव्हा मुंबई त्यांना परदेशच होती. पण लालबाग-परळला उतरलेल्या पोराला घर शोधावं लागलं नाही. गावकऱ्यांची खोली असायची. अख्ख्या गावाने वर्गणी काढून चाळीत घेतलेली एक खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, पाळ्यांप्रमाणे झोपणारे गडी. जेवायला खाणावळ, आणि ती चालवणाऱ्या बायका घरात बसूनच शंभर घरांचा आधार झालेल्या. त्याच बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. काही गावांच्या मंडळांच्या त्या खोल्या आजही आहेत. नव्या माणसाला पहिल्या रात्रीचं छप्पर देणं हे मंडळ या संस्थेचं मूळ काम आहे, नाटकं आणि गणपती त्यानंतर आले.

इथे तुम्हाला खोली विकत घ्यायला मी सांगत नाही. मला तुमचा तासभर हवाय. इथला मालक घर दाखवायला बोलावतो तेव्हा समोर माणूस लागतो, तोही बुधवारी दुपारी, दोन दिवसांच्या सूचनेवर. कांदिवलीत बसलेल्याला ते अशक्य. त्याच्या वतीने तुमच्यापैकी कुणी गेलं, फोनवर घर फिरवून दाखवलं, कोपऱ्यात बुरशी आहे का, खिडकी कुठल्या दिशेला, थांब्यापासून चढ किती, दुकान कुठे, एवढं पाहिलं तर एका कुटुंबाचं वर्ष सुधारतं. शिवाय समोर कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं की फसवणुकीला जागा राहत नाही. "मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" या धर्तीच्या जाहिरातींत आपली मुलं आजही पैसे घालवतात. घर न बघता, करार न करता पैसे द्यायचे नाहीत, हे तुम्ही त्यांना सांगितलंत तर माझ्यापेक्षा जास्त ऐकतील.

मदतीची हद्दही सांगते. कुणाच्या भाड्याला जामीन राहू नका, मनात कितीही आलं तरी. पैशांचा व्यवहार आपल्या खात्यातून करू नका. आणि माणूस प्रत्यक्ष राहत नसताना आपल्या पत्त्यावर नुसती नोंदणी करू देऊ नका. त्याबद्दल ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. खरोखरच खोली भाड्याने देणार असाल तर आधी घरमालकाची परवानगी घ्या.

एक काम मात्र भरभरून करा. कुटुंब आलं की पहिल्या आठवड्यात, जो नोकरीवर गेलेला नाही त्याला भेटा. जेवायला बोलावणं पुढे होईलच. आधी त्याला ट्रामचं तिकीट काढायला शिकवा, वाचनालयाचं कार्ड काढून द्या, कोर्स जिथे आहे तिथपर्यंत एकदा सोबत जा.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव, राहता तो भाग, फोन आणि आठवड्यातला कुठला दिवस मोकळा असतो ते लिहा. घर बघायला जाण्याइतकं जर्मन येत असेल तर नावापुढे खूण करा. पार्ल्याहून निघणाऱ्या कुटुंबांची माहिती मी समितीकडे आधीच पाठवत जाईन: माणसं किती, भाडं किती झेपेल, मूल केवढं आहे, जोडीदाराला कुठल्या कामात रस आहे. पहिली दोन कुटुंबं जानेवारीत येतायत, एकाची नोकरी फॉयरबाखला, दुसऱ्याची झिंडेलफिंगेनला. दुसऱ्यांकडे आठ महिन्यांचं बाळ आहे, तेव्हा त्या बाजूला राहणाऱ्यांनी आधी लिहा.