सांबार घरीच पेरा

नमस्कार श्रोतेहो. दसरा आटोपला. दुपारचं ऊन अजून चटकतं, पण पहाटे चादर ओढावीशी वाटते. नागपुरात सांबार पेरायचे दिवस हेच. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"धणे टाकले, पण उगवलेच नाहीत," असं मला कितीतरी जणी सांगतात. तर आधी एक धणा हातात घ्या. नखाने दाबला की मधोमध फुटून त्याच्या दोन वाट्या होतात, आतून खोलगट. ती टरफलं नव्हेत, प्रत्येक वाटी एक बी आहे. अख्खा धणाही उगवतो, पण उशिरा, आणि दोन रोपं एकमेकांना खेटून येतात. म्हणून धणे कापडावर पसरून वरून लाटणं हलक्या हाताने फिरवा, मग रात्रभर पाण्यात भिजवा. किराण्यातले धणे चालतात, मात्र ते नवे हवेत. चुरडून वास आला नाही, तर पेरू नका.

नुसती काळी माती नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की तडकते. तीत शेणखत आणि कन्हान नदीची रेती मिसळा. कुंडी वीतभर खोल घ्या, कारण याचं सोटमूळ सरळ खाली जातं. मी एकदा दाट आलेली रोपं उपटून दुसरीकडे लावली. आठवडाभर त्यांनी माना टाकल्या, आणि जी जगली ती धड पानं न देताच फुलोऱ्यावर आली. तेव्हापासून जिथं वाढवायचा, तिथंच पेरते.

आठ-दहा दिवसांनी, कधी पंधरा लागतात, दोन लांबट गुळगुळीत पानं दिसतील. गवत समजून उपटू नका! कातरल्यासारखं ओळखीचं पान त्यानंतर येतं. ४०-४५ दिवसांनी बाहेरची पानं कात्रीने घ्या, मधला कोंब राहू द्या, म्हणजे पुन्हा फुटतो. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला तर निंबोळी अर्क फवारा. सांबारवडीला मात्र दोन कुंड्या पुरायच्या नाहीत, त्या जुड्या बाजारातूनच आणा.

फेब्रुवारी सरता सरता ऊन चढलं की रोप पानांचा नाद सोडून दांडा काढतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर हिरव्या जाळीखालीही फारसं काही हाती लागत नाही. पण फुललेली दोन-चार रोपं ठेवाच. पांढऱ्या छत्र्यांवर मधमाश्या येतात, मग धणे धरतात. आयुर्वेदात यालाच धान्यक म्हणतात, तहान आणि दाह शमवणारं. उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की आई रात्री भिजवलेल्या धण्यांचं पाणी गाळून, खडीसाखर घालून द्यायची. मीही देते. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, किंवा सोबत ताप असला, तर मात्र डॉक्टरकडे जा.

धणे तपकिरी होऊ लागले की झुबके कापून कागदी पिशवीत उलटे टांगा. वाळले की मूठभर वेगळे काढून ठेवा, पुढच्या दसऱ्यानंतर पेरायला. नमस्कार.