नागपूरच्या गच्चीवरून ग्रहांचे फोटो

नमस्कार. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून नागपुरात नवी दुर्बीण घेणारे बहुतेक जण विचारतात, ‘ग्रहांचे फोटो काढायला पेंचला जावं लागेल का?’ आकाशगंगा, तेजोमेघ किंवा दीर्घिका टिपायच्या असतील तर जरूर जा. गुरू, शनी आणि मंगळ यांच्यासाठी मात्र धरमपेठेतली किंवा मानेवाड्यातली गच्ची चालते. ग्रहाची छोटी चित्रफीत घ्यायची आणि तिच्यातल्या चांगल्या फ्रेम नंतर एकत्र करायच्या, अशी ही पद्धत. हे ग्रह इतके तेजस्वी असतात की एका फ्रेमचं एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढं असतं. तेवढ्या वेळात रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड फोटोत उतरतच नाही. कोजागिरीच्या चांदण्यातही शनीचा उत्तम फोटो निघतो. ग्रहांसाठी हवा स्थिर लागते, आणि नागपुरात खरी झुंज तिच्याशीच आहे.

आधी मापं डोळ्यांसमोर आणू या. ती आर्कसेकंदांत, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागात मोजतात. चंद्राचं बिंब सुमारे १८०० आर्कसेकंदांचं. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे ग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना, गुरू ४५ ते ५० आर्कसेकंदांचा दिसतो, शनीचं बिंब १९-२० आणि कड्यांसकट साधारण ४५. मंगळाचा काही नेम नाही. २००३ मध्ये तो २५ आर्कसेकंदांचा झाला होता, १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला तो जेमतेम १३.८ असेल, आणि २४ च्या वर जायला २०३५ उजाडावं लागेल. २०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण सिद्धांतानुसार ०.५८ आर्कसेकंदांपर्यंतचा तपशील वेगळा करू शकते. पण सर्वसाधारण रात्री हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याची प्रतिमा दोन-तीन आर्कसेकंदांपर्यंत पसरते. म्हणजे दुर्बिणीची बहुतेक ताकद हवाच खाऊन टाकते.

आता आपल्या गावाची जमेची बाजू. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ग्रहाचा प्रकाश जितका उंचावरून येतो, तितकी त्याच्या वाटेत हवा कमी. २०१९-२० मध्ये गुरू आकाशाच्या दक्षिण भागात होता, तेव्हा लंडनहून तो क्षितिजावर १६ अंशांच्या आसपासच चढायचा आणि नागपुरातून ४७ अंशांवर दिसायचा. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीत येतील आणि दोघेही आपल्याकडे ८० अंशांहून वर चढतील. त्याआधी, ४ ऑक्टोबर २०२६ ला शनी प्रतियुतीत असेल, तो ७० अंशांच्या आसपास. फिलिपीन्समधल्या सेबू शहरातून गुरूचे फोटो काढणारे हौशी निरीक्षक ख्रिस्तोफर गो यांनी २००६ मध्ये गुरूवरचं ‘ओव्हल बीए’ हे पांढरं वादळ लाल झाल्याचं टिपलं. सेबू १० अंश अक्षांशावर, भर शहर. उष्ण कटिबंधातल्या शहरी माणसाने हिरमुसायचं कारण नाही.

उंचीचा आणखी एक फायदा असा. वातावरण प्रिझमसारखं रंग फोडतं. ग्रह ३० अंशांवर असेल तर निळी आणि लाल प्रतिमा एकमेकींपासून दोन आर्कसेकंदांहून जास्त सरकतात, आणि मग एडीसी नावाचं दुरुस्तीचं उपकरण मध्ये बसवावं लागतं. ग्रह ६० अंशांच्या वर असताना फोटो काढणाऱ्याला त्यावर पैसे घालवायची निकड नाही.

अडचणीही याच अक्षांशातून येतात. ध्रुवतारा आपल्याकडे फक्त २१ अंशांवर असतो, म्हणजे बहुतेकदा शेजारच्या इमारतीमागे किंवा धुरकटात. इक्विटोरियल माउंटचा, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरून ग्रहाचा पाठलाग करणाऱ्या बैठकीचा, अक्ष इतका खाली झुकवला की वजनाचा दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. तिपाईचा एक पाय बरोबर दक्षिणेला ठेवा, म्हणजे दांडा उत्तरेकडच्या दोन पायांच्या मध्ये येतो. तरीही आपटत असेल तर माउंटखाली छोटा खांब लावा. ध्रुवतारा दिसत नसेल तर होकायंत्र आणि अक्षांशाची पट्टी वापरून अक्ष जुळवला तरी भागतं, कारण आपली एक चित्रफीत काही मिनिटांचीच असते. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, डोक्यावरच्या ग्रहाकडे नीट वळत नाही. ती वापरणाऱ्यांनी ग्रह माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर, ७०-७५ अंशांवर असताना रेकॉर्डिंग करावं.

आणि आता गच्ची. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री सोडतो. नवतप्यात रात्री दहा वाजताही स्लॅबला हात लावून पाहा. दुपारी डांबरी रस्त्यावर जी हवा थरथरताना दिसते, तीच त्या वेळी तुमच्या दुर्बिणीसमोर असते, फक्त अंधारात दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर ग्रहाची कड उकळत्या पाण्यासारखी खदखदत असेल आणि ती खदखद भरभर आणि बारीक असेल, तर दोष जवळच्या हवेचा समजा. संपूर्ण बिंब सावकाश डोलत असेल तर गडबड वरच्या थरांत आहे. वरच्या थरांचं आपल्या हाती काही नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडचा वेगवान जेट प्रवाह उत्तर भारतावर सरकतो, त्याची दक्षिणेची कड मध्य भारतावर आली की थंड, स्वच्छ, लखलखीत रात्रीही प्रतिमा फाटते. तारे जोरात लुकलुकणारी रात्र ग्रहांसाठी वाईटच.

जवळच्या हवेचं मात्र बरंच काही करता येतं. गच्चीवर पाणी मारायची आपली जुनी सवय इथे कामाची आहे. ते सूर्यास्ताच्या सुमारास मारा, म्हणजे स्लॅब निवायला वेळ मिळेल. दुर्बीण लावल्यावर मारलंत तर उलट वाफच चढेल. जमिनीवर, गवतावर जागा मिळाली तर ती गच्चीपेक्षा कधीही चांगली. एसीचं बाहेरचं युनिट, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि पत्र्याची शेड यांच्यावरून ग्रहाकडे पाहू नका. तलावाकाठी हवा शांत असते असं म्हणतात. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती त्याचसाठी. पण तो नियम दिवसाचा. डिसेंबरच्या रात्री अंबाझरी किंवा फुटाळ्याचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून वारा तलावावरून तुमच्याकडे येत असेल तर फारसा लाभ होत नाही. उन्हाळ्यात काठावरची बाग स्लॅबपेक्षा निश्चित सरस. आणि मे महिन्यात शक्य असेल तर पहाटे तीननंतर बसा.

आरशाचंही तेच. २०० मिलिमीटरच्या न्यूटनियन दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या तापमानाला यायला पाऊण ते एक तास लागतो. हिवाळ्यात तो खोलीतून गरम येतो, मे महिन्यात एसीच्या खोलीतून थंड येतो, आणि दोन्ही वेळा आरशालगत हवेचा थर हलत राहतो. मागे १२ व्होल्टचा, संगणकातला छोटा पंखा बसवला तर वेळ वाचतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतली दुर्बिणीची नळी एकदम बाहेर आणली की आरशावर बाष्प धरतं. ते पुसू नका, आपोआप उडू द्या. एरवी नळी सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये बुरशीचे ठिपके दिसतील.

आरसा निवला की कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळवणी. ग्रहाच्या जवळपासचा ठळक तारा घ्या. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू-मंगळाजवळ मघा आहे. तारा थोडा फोकसबाहेर काढा. वर्तुळं एकात एक नेमकी मधोमध बसली पाहिजेत. एका बाजूला चेपली असतील तर मुख्य आरशाचे स्क्रू अगदी थोडे, पाव फेऱ्याहून कमी, फिरवा आणि तारा पुन्हा मध्यभागी आणून पाहा. भारी कॅमेरा घेऊनही फोटो मऊ येत असेल, तर दोष बहुतेक वेळा इथे असतो. ही पायरी टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

कॅमेरा छोट्या सेन्सरचा, यूएसबी ३ वर चालणारा ग्रहांसाठीचा घ्या. दुर्बिणीचा एफ-आकडा (फोकल लांबी भागिले व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या साधारण पाचपट असावा. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा असेल तर एफ १५ च्या आसपास. म्हणजे १२०० मिलिमीटर फोकल लांबीच्या एफ ६ दुर्बिणीला अडीचपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग), एकूण ३००० मिलिमीटर. त्यात एक पिक्सेल ०.२ आर्कसेकंदांचा होतो आणि गुरू सुमारे २३० पिक्सेलचा. पाचपट बार्लो लावून गुरू मोठा होतो, पण तपशील तेवढाच राहतो आणि प्रकाश चौथाई होतो. बहुतेक नवशिके इथेच फसतात. रंगीत कॅमेऱ्यासमोर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर हवा, नाहीतर बार्लोतून इन्फ्रारेडची धूसर झालर चित्रावर चढते. उलट हवा खराब असेल तेव्हा ६८५ नॅनोमीटरच्या पुढचंच जाऊ देणारा फिल्टर लावून मंगळ-गुरू टिपा. लांब तरंगलांबीला हवेचा त्रास कमी होतो. शुक्राचे ढग साध्या प्रकाशात दिसत नाहीत, त्यांना अतिनील फिल्टर लागतो.

रेकॉर्डिंगसाठी फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप हे सॉफ्टवेअर. ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, गॅमा सगळं बंद. फाइल एसईआर प्रकारची, आठ बिट, रंग नंतर काढायचे. चौकट ६४० × ४८० पिक्सेलपुरती छोटी करा. गुरूला १० मिलिसेकंदांच्या आसपास, मंगळाला ३ ते ५, शनीला २० ते ३० एक्स्पोजर ठेवा, आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत येईल इतका गेन, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलची वाढ. चित्र दाणेदार दिसलं तरी घाबरू नका, ते दाणे पुढे जातात. लांब एक्स्पोजरने आलेला धुरकटपणा जात नाही. सेकंदाला १०० फ्रेम म्हणजे दोन मिनिटांत १२,००० फ्रेम आणि सुमारे पावणेचार जीबी. सेन्सरची पूर्ण चौकट वापरलीत तर तेवढ्याच फ्रेमना जवळजवळ सातपट डेटा लागेल, आणि जुना हार्डडिस्कवाला लॅपटॉप निम्म्या फ्रेम गाळेल. फोकस गुरूवर करण्यापेक्षा त्याच्या उपग्रहावर करा. शनीला कड्यांमधली कॅसिनीची काळी फट बघा. दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, नळी थंड होते तसा फोकस सरकतो.

फीत किती लांब घ्यायची, हे ग्रहाचं फिरणं ठरवतं. गुरू ९ तास ५५ मिनिटांत एक फेरी घेतो, म्हणून बिंबाच्या मध्यभागी खुणा मिनिटाला पाव आर्कसेकंद सरकतात. दोन मिनिटांत अर्धा आर्कसेकंद, म्हणजे २०० मिलिमीटरच्या मर्यादेच्या जवळ. त्यापुढे लाल डाग पुसट होऊ लागतो. शनीला पाच-सहा मिनिटं चालतात, मंगळाला पाचेक मिनिटं निर्धास्त. गुरूच्या दोन-दोन मिनिटांच्या पाच-सहा फिती घेऊन विनज्यूपॉस या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचं फिरणं उलटं वळवून एकत्र करता येतं. त्यासाठी प्रत्येक फितीची वेळ सेकंदापर्यंत बरोबर असायला हवी.

ट्रॅकिंग नसलेल्या डॉब्सोनियनचं काय? ३००० मिलिमीटरला ५.६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवरून ग्रह साधारण पंचवीस सेकंदांत निघून जातो. त्याला एका कडेला ठेवा, जाऊ द्या, पुन्हा आणा. इथे चौकट पूर्ण रुंद ठेवावी लागते. पिप नावाचं मोफत सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेममधला ग्रह मधोमध आणून कापून देतं. मोबाइल आयपीसवर धरणाऱ्यांनी मोबाइलसाठी क्लॅम्प घ्यावा, आणि ग्रहावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून इतकं कमी करावं की गुरूचे पट्टे दिसू लागतील. ग्रह पांढरा फटक आला तर पुढे काहीच करता येत नाही.

मग फ्रेम एकत्र करणारं सॉफ्टवेअर, ऑटोस्टाकर्ट. ते प्रत्येक फ्रेमचा दर्जा मोजतं आणि हवा क्षणभर थांबली होती तेव्हाच्या फ्रेम वर आणतं. चांगल्या रात्री वरच्या २५ टक्के घ्या, खराब रात्री १०. दोन हजार फ्रेम एकत्र केल्या की दाणे सुमारे पंचेचाळीसपटीने कमी होतात, कारण ते संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतात. त्यानंतर रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेट, म्हणजे बारीक तपशील ठळक करणं. इथे हात आवरा. त्याच्या सरकपट्ट्या ओढत गेलात की मंगळाच्या उजळ कडेच्या आत दुसरी खोटी कड उमटते आणि गुरूच्या काठाला काळी रेघ येते. शनीच्या कड्यात एन्केची फट दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. कॅसिनीची फट ४,८०० किलोमीटर रुंद, म्हणजे पाऊण आर्कसेकंद. एन्केची ३२५ किलोमीटर, आर्कसेकंदाचा विसावा भाग. मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीकडे कडेने वळली होती आणि आता हळूहळू उघडताहेत, तेव्हा काही काळ कॅसिनीही फक्त दोन्ही टोकांनाच स्पष्ट दिसेल. एकाच रात्रीच्या दोन स्वतंत्र फितींत एखादा ठिपका एकाच जागी नसेल, तर तो ग्रहावर नाही.

हा काटेकोरपणा फोटो सुंदर दिसावा एवढ्यासाठी नाही. १९ जुलै २००९ ला गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा डाग ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांनी सर्वांत आधी पाहिला. मोठ्या दुर्बिणी रोज गुरूकडे वळवलेल्या नसतात. जगभरातल्या गच्च्यांवरच्या वळवलेल्या असतात. भारतात रात्र असते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो, आणि आपल्यासमोरची गुरूची बाजू त्यांना दिसत नाही. स्पेनमधल्या बास्क विद्यापीठाच्या पीव्हीओएल संग्रहात असे फोटो जगभरातून जमा होतात. पाठवताना वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून, आणि फितीच्या सुरुवातीची नव्हे, मधली. रात्री सव्वादोनला घेतलेल्या फितीची तारीख त्यामुळे आदल्या दिवसाची होते, हे विसरू नका. दुर्बिणीचा व्यास, फिल्टर आणि जागा लिहा, आणि चित्राची उत्तर दिशा वर आहे की खाली तेही.