फाटकापासून पोर्चपर्यंत: भराव कशाचा घालावा?

मंडळी, टेबलावर काचेचे दोन मापी सिलिंडर आहेत ते बघा. दोन्हींत माझ्याच बागेतली काळी माती आहे, वाळवून, बारीक चाळून, प्रत्येकी दहा ग्रॅम. डावीकडे रॉकेल, उजवीकडे डिस्टिल्ड वॉटर. काल संध्याकाळी भरून ठेवले. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तिथली 12 मिलिलिटरवर बसली आहे, पाण्यातली 22 वर पोचली आहे. माती तीच आणि वजनही तेवढंच. फुगवटा 83 टक्के झाला. रस्त्यांच्या सरकारी नियमांत हा आकडा 50 च्या वर गेला, की ती माती भरावाला चालत नाही. मग आपल्या अंगणात ती का चालावी?

माळव्याच्या जमिनीचं कौतुक आपण सगळे करतो, 'पग पग रोटी, डग डग नीर' म्हणतो. गव्हाला, सोयाबीनला ही काळी माती सोनं आहे. घराखाली आणि गाडीखाली मात्र तीच त्रास देते. दख्खनचा काळा पाषाण झिजून ती झाली आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. ते पाणी पिऊन फुगतं आणि वैशाखात आकसतं. मग भेगा इतक्या रुंद पडतात, की हाताची बोटं आत जातात.

आपल्या इंदुरात सुदामा नगर, वैशाली नगर, लोकमान्य नगर, कुठेही विचारा, सगळ्यांचं दुखणं एकच: रस्ता दरवेळी उंच होतो आणि घर खाली राहतं. पाऊस पडला की फाटकातून पाणी आत. म्हणून आपण अंगण उचलायला निघतो आणि ठेकेदाराला विचारतो, "सगळ्यात स्वस्त काय?" मीही तेच विचारलं होतं. त्यानं कुठल्याशा पाडलेल्या घराचा मलबा आणि त्यात कालवलेली काळी माती आणून टाकली, वरून फरशी बसवली. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात गाडीच्या चाकांखाली दोन लांब चाऱ्या पडल्या आणि पोर्चच्या भिंतीचा रंग फुगून सुटायला लागला. भराव डीपीसीच्या, म्हणजे जोत्यावर ओल अडवायला घातलेल्या थराच्या, वर चढला होता आणि ओल थेट विटांत शिरत होती. मला त्याचं अजूनही वाईट वाटतं, कारण ते घर वडिलांनी बांधलेलं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, भराव स्वस्त की महाग हे नंतर बघा, ओला झाल्यावर तो कसा वागतो हे आधी बघा.

आपल्याकडे या कामाला मुरम चांगला. पुण्याकडचे पाहुणे मुरूम म्हणतात, वस्तू तीच. पण ट्रॉली उतरवून घेण्याआधी मूठभर मुरम ओला करून दाबा. हाताला चिकटला, बोटांमध्ये साबणासारखा घसरला तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा. चांगल्या मुरमाचा गोळा बनतो, टिचकी मारली की फुटतो आणि हाताला खर जाणवते. बांधकामाचा मलबा सरसकट वाईट नाही. विटा आणि काँक्रीटचे तुकडे चाळून, फोडून घेतले तर खालच्या थरात चालतात. पीओपी, लाकूड, प्लास्टिक मात्र एक तुकडाही नको. लाकूड कुजतं आणि तिथे पोकळी राहते.

आधी वरची काळी माती निदान फूटभर काढा. ती बागेत घाला, झाडं आशीर्वाद देतील. खाली अजून काळीच लागली, आणि बहुधा लागेलच, तर तिच्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, म्हणजे मुरम चिखलात रुतत नाही. मग सहा-सहा इंचांचे थर. प्रत्येक थरावर जेमतेम ओल येईल इतकं पाणी मारा, प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे भराव ठोकून दाबणारं मशीन, फिरवा, मगच पुढचा थर. कोरडा मुरम दबत नाही, चिखल झालेलाही दबत नाही. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं 1933 मध्ये हेच मोजून दाखवलं: प्रत्येक मातीला एक नेमकी ओल असते, जिथे ती सर्वांत घट्ट बसते. दोन फूट भराव एकदम टाकून वर रोलर फिरवला तर फक्त वरचे काही इंच दबतात. खालचा भाग भुसभुशीतच राहतो.

हिशेबही करून ठेवा. दहा फूट रुंद, पंचवीस फूट लांब, एक फूट उंच म्हणजे 250 घनफूट. दबून कमी होतो म्हणून पाव हिस्सा जास्त, 310 च्या आसपास मागवा. वर चार इंच गिट्टी-चुरी, मग पेव्हर किंवा काँक्रीट, ते तुमच्या पसंतीचं.

उताराबद्दल मात्र मी हट्टी आहे. पन्नास फुटांना एक फूट, म्हणजे पंचवीस फुटांत सहा इंच, घराकडून रस्त्याकडे. आणि भिंतीलगत तयार अंगण डीपीसीपेक्षा सहा इंच खालीच राहिलं पाहिजे. रस्ता इतका चढला असेल की दोन्ही जमत नाही, तर उंचीच्या मागे लागू नका. पोर्चसमोर आडवी जाळीची नाली काढा आणि पाणी बाजूने बाहेर न्या.

आणि भराव टाकण्याआधी चार इंची पीव्हीसीचा एक मोकळा पाइप फाटकापासून घरापर्यंत खाली पुरून ठेवा, दोन्ही तोंडं झाकून. उद्या नळाची लाइन किंवा विजेची केबल न्यायची झाली, तर इतका नीट दाबलेला मुरम पुन्हा खोदावा लागणार नाही.