कचऱ्याखालची वाट

(वाफेच्या इंजिनाच्या भट्टीचं दार उघडतं. फायरमनच्या, म्हणजे कोळसा टाकणाऱ्याच्या, हातात फावडं.)

फावडं भट्टीच्या तोंडाशी नेऊन मनगटाला एक हिसका दिला, की कोळसा थेट मागच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. हे हात पगारी नाहीत. इंग्लंडच्या ससेक्समधली ही ब्लूबेल रेल्वे बरीचशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालते.

मार्ग 1882 सालचा. परवडत नाही म्हणून सरकारी रेल्वेनं 1955 मध्ये तो बंद केला. पण चेली गावच्या मॅज बेसेमर बाईंनी जुना कायदा उकरून काढला. या मार्गावर रोज चार गाड्या चालवल्याच पाहिजेत, असं त्यात चक्क लिहिलेलं! 1956 मध्ये नाक मुठीत धरून गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मग संसदेकडून ती अटच काढून घेतली, आणि 1958 मध्ये मार्ग कायमचा बंद. म्हणजे तसं वाटलं होतं. 1960 च्या ऑगस्टमध्ये हौशी मंडळींनी शेफील्ड पार्क स्टेशनवरून पुन्हा वाफेची गाडी सोडली.

(इंबरहॉर्नचं कटिंग, म्हणजे रुळांसाठी जमीन खोदून केलेली वाट. दोन्ही बाजूंना उतार.)

1994 मध्ये गाडी किंग्जकोट स्टेशनपर्यंत पोचली. लंडनची गाडी येते ते ईस्ट ग्रिनस्टेड तिथून दोनच मैल. पण वाटेत हे कटिंग होतं, गच्च भरलेलं. रूळ उखडल्यावर इथं गावाचा उकिरडा झाला होता. वर्षानुवर्षांचा घरगुती कचरा, त्यावर चिकणमातीचा थर, त्यावर गवत. खाली रेल्वेची वाट आहे, हे नवख्याला सांगूनही पटलं नसतं.

तो उपसायचा कसा? दहा-दहा पौंडांची वर्गणी मागितली. आधी ट्रक लावले. मग 2010 पासून रेल्वेनंच रेल्वेचा कचरा वाहिला. खोदकाम यंत्रं डबे भरत, आणि गाडी या दहा कमानींच्या पुलावरून बाहेर पडे. इतक्या वर्षांनी पुलावर गाडी धावली, ती आधी कचऱ्याची.

23 मार्च 2013 ला प्रवासी गाडी ईस्ट ग्रिनस्टेडला आली. त्यानंतर पर्यटक वाढले, गावातल्या दुकानांनाही गिऱ्हाईक मिळालं.

(ईस्ट ग्रिनस्टेड. दोन स्टेशनं, शेजारी शेजारी.)

ही लंडनहून आलेली विजेची गाडी. दारं उघडली. आता बघा, उतरलेली पोरं कुठल्या दिशेला पळतात.

(शिट्टी.)